लाल मुठीची सुई

धुण्याच्या खोलीत नोलीनने ट्रेमधली हत्यारं एकेक करून बाहेर काढली आणि नेहमीप्रमाणे मोजली. आरसा एक, चिमटा एक, आकडी एक. सुया पाच.

ती थांबली. हातमोज्यातलं बोट टेकवत तिने स्पंजमध्ये खोचलेल्या सुया पुन्हा मोजल्या. पांढऱ्या मुठीची, पिवळी, निळी, हिरवी, काळी. लाल मुठीची कुठे गेली?

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकन बंदरातल्या त्या दातांच्या दवाखान्यात नोलीन ग्रिग्जला मदतनीस म्हणून एकतीस वर्षं झाली होती. खुर्चीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, थुंकी ओढायची नळी धरायची, डॉक्टरांनी मागण्याआधी हत्यार त्यांच्या हातात द्यायचं आणि पेशंट घाबरला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. दाताच्या मुळात शिरून आतली घाण खरवडायच्या या सुया इंचभर लांब, केसासारख्या बारीक आणि अंगभर काटेरी असत. डॉक्टर त्यांना फाइल म्हणत, पेशंट सुई म्हणत, आणि नोलीनही सुईच म्हणे. सहा काढल्या की सहा परत आल्या पाहिजेत, हा नियम तिचा तिनेच घातला होता.

तिने ट्रे उलटा करून झटकला. पेशंटच्या गळ्यात अडकवलेला कागदी रुमाल कचऱ्यातून काढून उलगडला. थुंकीच्या नळीची जाळी उघडून बोटाने चाचपली. दातात भरतात त्या चांदीचा भुगा आणि कापसाचे धागे, बाकी काही नाही. मग ती खुर्चीच्या खोलीत आली आणि सरळ गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली पाहू लागली.

"काय हरवलं?" डॉ. लिन त्रुओंगने विचारलं. ती कॉम्प्युटरवर नोंदी करत होती. सत्तावीस वर्षांची, ॲडलेडहून येऊन जेमतेम पाच महिने झालेली. हात फार हलका होता तिचा. गावातले कोळीसुद्धा हे मान्य करत.

"लाल सुई तू कुठे ठेवलीस?"

"ट्रेमध्ये."

"ट्रेमध्ये नाहीये."

लिनची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. "जाळी पाहिली?"

"जाळी, कचरा, रुमाल, सगळं पाहिलं."

लिन खुर्चीवरून उठली आणि तीही खाली बसली. दोघी जणी टॉर्च घेऊन फरशीवरून रांगत होत्या आणि दोघींनाही ठाऊक होतं, की फरशीवर काही सापडणार नाही.

आधीचा पेशंट होता दिंको वुलेता. कोळंबीच्या बोटीचा मालक आणि तांडेल. खालच्या दाढेने त्याला तीन रात्री झोपू दिलं नव्हतं आणि आज दुपारी ताफा निघायचा होता. अमावास्या जवळ आली की कोळंबीच्या सगळ्या बोटी एकाच दिवशी बाहेर पडत आणि पंधरा-पंधरा दिवस बंदराबाहेरच्या मोठ्या आखातात राहत. "निदान ठणका थांबव," तो लिनला म्हणाला होता, "बाकीचं आल्यावर बघू."

अशा कामाला तोंडावर रबराचा पडदा ताणून बसवतात. त्याला एक भोक असतं, त्यातून फक्त तो दात वर येतो. मग हातातून काही सुटलं तरी पडद्यावर पडतं, घशात जात नाही. लिनने पडदा उचलला आणि दिंकोने तिचं मनगट धरलं. आठ वर्षांपूर्वी त्याची आधीची बोट उलटली होती. उलट्या केबिनमध्ये, हनुवटीपर्यंत पाण्यात, तो चार तास एका वीतभर हवेच्या पोकळीत होता. "तोंडावर काही आलं की मी आधी लाथ मारतो आणि मग माफी मागतो," तो हसत म्हणाला होता, पण कपाळावर घाम होता.

तेव्हा लिनने दुसरा उपाय केला. प्रत्येक सुईच्या मुठीला दात साफ करायचा दोरा बांधला आणि त्याचं टोक ओठाबाहेर ठेवलं, म्हणजे सुटली तरी ओढून काढता येईल. पांढरीला दोरा होता. पिवळीला होता. मग दिंकोने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, घशातून काहीतरी गुरगुरला, आणि लिनने लाल सुई तशीच उचलली. बिनदोऱ्याची.

नोलीनने ते पाहिलं होतं.

शब्द अगदी ओठांवर आले होते. पण गेल्याच मंगळवारी कीथने, म्हणजे दवाखान्याच्या मालकाने, तिला आपल्या खोलीत बोलावून घेतलं होतं. त्याने चुकीच्या बाजूचा एक्स-रे उघडला होता आणि तिने पेशंटदेखत ते सांगितलं होतं. "नोलीन, डॉक्टरला पेशंटसमोर टोकायचं नाही," तो म्हणाला होता. "त्यांचा विश्वास उडतो." कीथबरोबर तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. ते बोलणं तिला लागलं होतं. म्हणून आज ती गप्प राहिली. एका सुईचा तर प्रश्न, मिनिटभराचं काम.

त्याच मिनिटात दिंको एकदा खोकला. मोठा नाही, ठसका लागल्यासारखा. हात वर करून "सॉरी" म्हणाला, लिनने त्याला पाणी दिलं, त्या गडबडीत लाल सुई ट्रेमध्ये परत आली का हे कुणी पाहिलं नाही, नोलीन औषध कालवायला वळली, आणि मग निळी सुई, हिरवी सुई, तात्पुरतं सिमेंट, आणि दिंको वुलेता अर्धा गाल बधिर घेऊन जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

"तो खोकला होता," लिन फरशीवर बसल्या बसल्या म्हणाली.

"हो."

"गिळली असेल तर पोटात असेल. पोटात असेल तर..."

"आणि श्वासात गेली असेल तर?"

"तर तो खोकून बेजार झाला असता. झाला असता ना?" तिने नोलीनकडे असं पाहिलं, जणू डॉक्टर नोलीनच होती.

नोलीनने दिंकोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. दुसऱ्यांदा वाजलाच नाही. घड्याळात एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. ताफा दोनला निघणार होता.

"मी कीथना विचारते," लिन म्हणाली.

कीथ ॲडलेडमध्ये होता, बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. लिनने स्पीकर लावला. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून लांब श्वास ऐकू आला.

"जाळी पाहिलीत? नळीच्या आत पाहिलंत? ती बारीक असते, वळणावर अडकते. मोटरच्या टाकीत पाहा. माणूस चालत गेला ना घरी? बोलत होता ना? मग उगाच आरडाओरडा करू नका. आधी नीट शोधा. सगळ्या गावात बोभाटा करायचा आणि संध्याकाळी सुई सापडायची नळीत, असं नको."

"पण बोट दोनला निघणार आहे," लिन म्हणाली.

"मग पटापट शोधा," कीथ म्हणाला. मागे कुणीतरी त्याचं नाव पुकारलं. "मला आत बोलावतायत. अर्ध्या तासाने फोन करतो."

फोन बंद झाला. लिनने नळी सोडवायला घेतली. नोलीन तिच्याकडे पाहत उभी राहिली. तिला त्या मुलीची दया आली आणि रागही आला. लिनच्या हातून नळीचा जोड उघडत होता, बसत होता, परत उघडत होता. तिने नळीत फुंकर मारली, तार घालून पाहिली. मोटरच्या टाकीतलं सगळं पाणी गाळणीतून ओतलं. काही नाही. बाहेर सव्वाबाराची पेशंट, एक म्हातारी शिक्षिका, मासिकाची पानं उलटत होती आणि मधूनमधून मुद्दाम मोठ्याने खाकरत होती.

"नळीतच असेल," लिन पुटपुटली. "भिंतीच्या आत गेली असेल. प्लंबरला बोलवू या."

"लिन."

"दंतवैद्यांच्या मंडळाकडे तक्रार गेली तर माझं लायसन्स जाईल. पहिलंच वर्ष आहे माझं. आईवडिलांनी वीस वर्षं पहाटे तीनला उठून पाव भाजले, त्यावर मी शिकले. तुम्हाला कल्पना नाही..."

"दोरा नव्हता," नोलीन म्हणाली. "लालला. मी पाहिलं होतं आणि बोलले नाही. तेव्हा आता आपण दोघी एकाच होडीत आहोत, पोरी. पण तो माणूस खरोखरच्या बोटीत बसून चाललाय. तिकडून परत यायला आठ-दहा तास लागतात आणि रात्री पोटात दुखायला लागलं तर तिथे त्याच्याजवळ गोळ्या आणि बिअर यापलीकडे काही नसणार."

लिनने नळी खाली ठेवली. त्याला तिने कितीतरी वेळ लावला असं नोलीनला वाटलं, पण घड्याळात फक्त एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हॉस्पिटलला मी फोन करते, एक्स-रे तयार ठेवा म्हणून," लिन म्हणाली. "तुम्ही गाडी काढा. मीही येते. सांगायचं तर मीच सांगायला हवं."

म्हाताऱ्या शिक्षिकेला नोलीनने बाहेर पडता पडता सांगितलं, "आज नाही जमणार हो. माफ करा." तिने मासिक मिटलं आणि विचारलं, "कुणाचं काही बरंवाईट?" नोलीनने उत्तर दिलं नाही. या गावात न दिलेल्या उत्तराच्याही बातम्या होतात, हे तिला माहीत होतं.

बंदरावर पोचायला बारा मिनिटं लागली, त्यातली चार धान्याच्या ट्रकमागे. धक्क्यावर बायका, मुलं, कुत्री, बर्फाची खोकी. तीस-चाळीस बोटी एकमेकींना खेटून इंजिनं तापवत होत्या आणि डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरत होते. दिंकोच्या बोटीचं नाव 'यादरान'. तिची जागा रिकामी होती.

"यादरान कुठाय?" नोलीनने एका खलाशाला ओरडून विचारलं.

"दिंको? गेला की. त्याला नेहमीच सगळ्यांच्या आधी मरायची घाई असते." त्याने हनुवटीने दाखवलं. बंदराच्या तोंडाशी निळी बोट वळत होती.

नोलीन पळाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एक खुबा बदललेला, दवाखान्याच्या पांढऱ्या बुटांत ती धक्क्याच्या टोकापर्यंत पळाली आणि दोन्ही हात हलवून ओरडली. बोटीवरच्या कुणीतरी तिला हात हलवून टाटा केला.

धक्क्याच्या टोकाला डिझेल भरायची टपरी होती आणि तिथला मर्व्ह सगळ्या बोटींशी वायरलेसवर बोलत असे. तो पाय पसरून सँडविच खात होता.

"मर्व्ह, दिंकोला बोलव. आत्ता."

"काय झालं? बिल बुडवून पळाला काय?"

"मर्व्ह!"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सँडविच खाली ठेवलं. "यादरान, यादरान, मी मर्व्ह. ऐकतोयस?"

खरखर झाली. मग दिंकोचा आवाज आला, बधिर जिभेमुळे जडसा. "बोल मर्व्ह. माझा गाल राहिला का तिकडे?" दुसऱ्या कुठल्या तरी बोटीवरून कुणी खदखदून हसलं. हा चॅनेल सगळा ताफा ऐकत होता. ताफ्यातल्या लोकांच्या निम्म्या बायकाही घरी ऐकत होत्या.

लिनने माइक घेतला. बटण दाबलं, सोडलं. नोलीनकडे वळून कुजबुजली, "त्याच्या प्रकृतीबद्दल मी असं उघड्यावर कसं बोलू? मला हक्क नाही."

"मग काय बोलायचं ते ठरव. तो चाललाय."

लिनने पुन्हा बटण दाबलं. "दिंको, मी लिन. दाताची डॉक्टर. तुम्ही परत या."

"काय झालं डॉक्टर?"

"समोर आल्यावर सांगते."

"पंधरा दिवसांनी समोर येतोच की. येताना बादलीभर कोळंबी आणतो." पुन्हा हशा. बोट सरळ झाली होती. मागचा फेसाचा पट्टा लांब होत चालला होता.

लिनने डोळे मिटले. नोलीन तिच्या इतकी जवळ उभी होती, की तिला तिचा श्वास ऐकू येत होता.

"दिंको," लिन म्हणाली, "माझ्या हातून आज चूक झालीये. चूक पूर्णपणे माझी आहे, तुमची नाही. तुम्ही गेलात तर ती मला निस्तरता येणार नाही. मी हात जोडते, परत या."

तिने बटण सोडलं. वायरलेसवर नुसती खरखर राहिली. चाळीस बोटींपैकी एकीवरूनही कुणी हसलं नाही. मर्व्ह टोपी काढून हातात फिरवत होता.

मग निळ्या बोटीचं नाक हळूहळू डावीकडे वळलं. वळतच राहिलं.

दिंको धक्क्यावर उतरला तो लालबुंद होऊन. "अक्कल आहे का? सगळ्या ताफ्यासमोर? आता पंधरा दिवस हे लोक माझी पाठ सोडतील का?" बोटीवरून त्याचा धाकटा भाऊ शिमे रेलिंगवर वाकून ऐकत होता, दिंकोने त्याला आत पिटाळलं.

लिनने सांगितलं. टपरीच्या मागे, डिझेलच्या पिंपांजवळ, हात अंगाशी घट्ट धरून, एकही शब्द मऊ न करता. सुई एक कमी आहे. सगळीकडे शोधलं. तुमच्या आत गेली असण्याची दाट शक्यता आहे. पोटात असेल तर आजच नळी घालून काढता येईल. उद्यापर्यंत पुढे सरकली तर आतडं फाटू शकतं. श्वासाच्या वाटेत असेल तर आणखी वाईट.

दिंकोने छाती भरून श्वास घेतला आणि सोडला. "हे बघ. काही नाही. मी ठणठणीत आहे. चाळीस बोटी निघाल्यात डॉक्टर. पहिल्या रात्रीची कोळंबी ही सगळ्या फेरीची कोळंबी असते."

"एक एक्स-रे," लिन म्हणाली. "काही नसलं तर तासाभरात परत."

"आणि काही नसलं तर मी काय सांगू यांना? सुईला घाबरून परत आलो?"

"मला घाबरून आलास म्हणून सांग," नोलीन म्हणाली. ती त्याला तो दहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होती. दुधाची दाढ काढताना त्याने तिचं बोट चावलं होतं. "आणि हेही ऐक. दोरा बांधलेला नव्हता हे मी पाहिलं होतं, दिंको. मी बोलले असते तर तू आत्ता बोटीवर असतास. मला आजची झोप हवीये. चल गाडीत बस."

दिंको मग घरच्या क्रोएशियन भाषेत एक सणसणीत शिवी हासडून गाडीत बसला.

एक्स-रे काढणारा तरुण काचेआड गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून नोलीनला कळलं. त्याने हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्यांनी एक्स-रेचा पडदा सगळ्यांकडे वळवला. पोटात काही नव्हतं. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी, बरगड्यांच्या सावल्यांमध्ये, एक पांढरी, सरळ, बारीक रेघ होती. टोक खाली.

"ही माझ्या आत आहे?" दिंकोने विचारलं.

"हो."

"पण मला काहीच होत नाहीये."

"आज होत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या-परवा ताप आला असता. किंवा जाळं ओढताना एखाद्या हिसक्याने टोक आरपार गेलं असतं आणि फुप्फुस बसलं असतं. ही इथे नाही काढता येणार. ॲडलेडला पाठवते, विमान मागवलंय."

दिंको कॉटच्या कडेवर बसला. इतका वेळ नीट चाललेला त्याचा श्वास आता त्याला स्वतःलाच ऐकू यायला लागला असावा. तो थोडा थोडा, वरवर घेऊ लागला. "विमान म्हणजे ते लहानसं?" त्याने विचारलं. "त्यात झोपवून, पट्टे बांधून नेतात ते?"

नोलीनला ती वीतभर हवा आठवली, तिने कधी न पाहिलेली.

लिन त्याच्यासमोर उकिडवी बसली. "पट्टे सैल ठेवायला सांगते. खिडकीकडे डोकं करायला सांगते. मी विमानापर्यंत येते. तुमच्या बायकोला, झोर्काला बोलवू?"

"झोर्काला..." दिंकोने तोंडावरून हात फिरवला. "बोलवा. पण मला पुढे उडू द्या आणि मग तिला सांगा."

विमान चार वाजता उडालं. 'यादरान' शिमेने नेली, साडेतीनला, सगळ्यांच्या मागून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लिनचा फोन वाजला. ती उभी राहून ऐकत होती आणि फक्त "हो, हो" म्हणत होती. मग तिने फोन उलटा टेबलावर ठेवला. "निघाली. तोंडावाटे नळी घालून. अख्खी निघाली. थोडा ओरखडा आहे, ताप आहे, चार-पाच दिवस ठेवतील." एवढं बोलून ती खुर्चीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. नोलीनने तिला पंधरा मिनिटं हाक मारली नाही.

कीथ शनिवारी परतला आणि दोघींना खोलीत बोलावलं. त्याच्यासमोर त्यांचे दोन अहवाल होते. तो वाईट माणूस नव्हता. त्या खोलीत तो रात्रभर जागल्यासारखा दिसत होता.

"लिनचा ठीक आहे," तो म्हणाला. "फक्त पेशंटने पडदा नाकारला ते पहिल्या ओळीत घे. नोलीन, तुझ्यातलं हे शेवटचं वाक्य. 'दोरा नसल्याचं माझ्या लक्षात आलं होतं.' हे कशाला? तू डॉक्टर नाहीस. तुझ्यावर कुणी बोट ठेवत नव्हतं. विमा कंपनीचा वकील याची चटणी करेल."

"करू दे."

"नोलीन, हा हट्ट आहे."

"कीथ, मी का बोलले नाही ते विचार."

त्याने विचारलं नाही. पण ती थांबूनच राहिली, तेव्हा त्याला विचारावं लागलं. "का बोलली नाहीस?"

"गेल्या मंगळवारी तू मला या खुर्चीत बसवून काय सांगितलंस?"

कीथच्या मानेपासून लाली वर चढत गेली. लिन कधी याच्याकडे तर कधी तिच्याकडे पाहत होती; तिला ते ठाऊकच नव्हतं. कीथने दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, विस्कटल्या, पुन्हा जुळवल्या. "तेही लिहिलंयस का यात?"

"नाही. ते तू तुझ्या अहवालात लिहावंस म्हणून ठेवलंय."

तो चिडला. आवाज चढवला, एकतीस वर्षांचा हिशेब काढला, उपकारही काढले. नोलीन ऐकत राहिली. पण सोमवारी सकाळी विम्याच्या लोकांना गेलेल्या पाकिटात तीन अहवाल होते आणि नोलीनचं शेवटचं वाक्य जागच्या जागी होतं. कीथने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त त्या दिवशी एका पेशंटचं इंजेक्शन भरताना तो थांबला, सुई खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "नोलीन, बाजू बरोबर आहे ना?"

त्याच सकाळी झोर्का आली. दिंकोची बायको शाळेची बस चालवायची आणि तिचा आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच होता. बाहेर तीन पेशंट बसले होते.

"कुठाय ती मुलगी? बोलवा तिला."

नोलीन मध्ये पडणार होती, पण लिन आपणहून बाहेर आली. हातमोजे काढत, उभी राहिली समोर.

"वायरलेस माझ्या स्वयंपाकघरात असतो," झोर्का म्हणाली. "मी कांदा चिरत होते. आणि मला काय ऐकू येतं? 'दिंको, माझ्या हातून चूक झाली, हात जोडते, परत या.' तरुण पोरीचा आवाज! आणि हा माझा शहाणा नवरा बोट वळवतो! अमावास्येच्या फेरीवरून! माझ्या बापाच्या मयतालाही याने बोट वळवली नव्हती!"

लिनचं तोंड उघडं राहिलं. "तुम्हाला वाटलं..."

"मला? सगळ्या गावाला! तीन तास! माझी बहीण सूप घेऊन आली सांत्वनाला!"

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याला हसू आवरेना. त्याने ते खोकल्यात लपवलं. नोलीनलाही हसू फुटलं, आणि त्याच क्षणी झोर्काचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडायला लागली, उभ्याउभ्या, पर्स छातीशी धरून. लिनने तिला खुर्चीत बसवलं.

बऱ्याच वेळाने झोर्काने नाक पुसलं. "तू गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"कदाचित नसतं," लिन म्हणाली. "वीस मिनिटं मी तोच विचार करत होते. तुम्हाला खोटं नाही सांगणार."

"वीस मिनिटं," झोर्का म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर, मंडळाने लिनला लेखी समज दिली तेव्हाही नाही. पण मंडळाने चौकशीत विचारलं तेव्हा दिंको आणि ती, दोघांनी सही करून लिहून दिलं, की त्या डॉक्टरने स्वतः सांगितलं, विचारायच्या आधी सांगितलं.

त्या सकाळी नोलीन झोर्काला गाडीपर्यंत सोडायला गेली. रस्त्यावर वारा होता, समुद्राचा खारट वास.

"तू पाहिलं होतंस म्हणे," झोर्का किल्ली शोधत म्हणाली. "दिंको सांगत होता."

"हो."

"मग बोलली का नाहीस? तू तर साऱ्या गावाला सुनावतेस."

कीथचं नाव सांगणं सोपं होतं. नोलीनने ते जिभेवर घोळवलं आणि गिळून टाकलं. "मलाही वाटायचं, मी बोलणारी बाई आहे," ती म्हणाली.

झोर्काने गाडी सुरू केली. मग काच खाली केली.

"बुधवारी घरी आणतायत त्याला. ये भेटायला. शिव्या देणार आहे तो तुला, तयारीने ये."